नेल्सी आधी दार वाजवते

साकलुम गावात सोमवारी सकाळी दारावर टकटक झाली, की आतली बाई तव्यावरची मक्याची तोर्तिया उलटता उलटता तिथूनच सांगते, "काही नाही ओतलं गं या आठवड्यात. भांड्यांचं पाणीसुद्धा केळीला घातलं." दारात उभी असते नेल्सी कुमुल. नगरपालिकेच्या पाणी खात्यात ती नमुने घेण्याचं काम करते. खांद्याला बर्फाची पेटी, हातात दोरीचं भेंडोळं आणि डोक्यावर तिच्या नवऱ्याची जुनी टोपी. ती उत्तर ऐकते, घरातल्या म्हाताऱ्यांची चौकशी करते आणि पुढच्या दाराकडे वळते. गल्लीतली सगळी दारं झाली की मगच नव्या बाजारात जाऊन पाणी तपासायच्या नळीत दोरी सोडते.

खात्यात दुसरं कुणी असं करत नाही. नवीन आलेली पोरं तिला हसतात. पाणी तपासायला यंत्रं आहेत, प्रयोगशाळा आहे, मग ही बाई लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावत का फिरते, असं त्यांना वाटतं. फिरण्यामागचं कारण त्यांना ठाऊक नाही. आम्हाला आहे, कारण ते सगळं आमच्या गल्लीत आणि आमच्या डोळ्यांदेखत घडलं.

आमच्या गावाखाली माती म्हणावी अशी माती नाहीच. वीतभर खणलं की चुनखडीचा पांढरा दगड लागतो, आणि त्या दगडात भोकंच भोकं. वर सांडलेलं खाली जायला वेळ लागत नाही आणि खालचं पाणी कुणा एकाचं नसतं. प्रत्येकाच्या परसात विहीर आहे, डासांच्या अळ्या खायला विहिरीत मासे सोडलेले आहेत, आणि एका विहिरीत वाईट गेलं तर ते शेजारच्या विहिरीत पोचणार हे पोराटोरांनाही कळतं. म्हणून जुन्या बस आगाराच्या जागेवर नगरपालिकेने नवा बाजार बांधायला काढला, तेव्हा आनंद झाला तशी धास्तीही वाटली. त्या आगाराखाली डिझेलची टाकी कित्येक वर्षं गळत होती. टाकी उपसून काढली, काळी पडलेली माती ट्रकांतून नेली आणि जागेच्या चार कोपऱ्यांना चार नळ्या खोल पाण्यापर्यंत उतरवल्या. बांधकाम चालू असेतोवर त्या नळ्यांतलं पाणी तपासत राहायचं, बिघडलं तर काम थांबवायचं, असं ठरलं. ते काम नेल्सीकडे आलं.

नेल्सीला ते काम मिळालं यात गावाचं नशीबच म्हणायचं. नमुना घ्यायच्या दिवशी ती अत्तर लावत नाही, हे कुणीही समजून घेईल. पण ती अंगाला डासांचं तेलही लावत नाही, कारण बोटाला लागलेला तेलाचा थेंबसुद्धा बाटलीत उतरू शकतो. आमच्याकडच्या डासांसमोर तेलाशिवाय तास न् तास उकिडवं बसायला काय लागतं, ते इथे राहिलेल्यालाच कळेल. त्या दिवशी ती मोटारसायकलीत पेट्रोल भरत नाही, डोकं साध्या साबणाने धुते, आणि चार नळ्यांत जी सगळ्यात स्वच्छ ठरलेली तिच्यापासून सुरुवात करते, म्हणजे घाणेरड्या पाण्याचा अंश स्वच्छ पाण्याला लागू नये. मुलीच्या पदवीदानाचा समारंभ नेमका सोमवारी आला, तर बाई थेट बांधकामावरून गेली. फोटोत मुलीच्या गळ्यात हार आहे आणि आईच्या गालावर डासांच्या गांधी. नवरा चारचौघांत म्हणतो, "सोमवारी अंधारात बायको ओळखायची माझी पंचाईत होते. कसलाच वास येत नाही तिला."

एकदा ठेकेदाराच्या मुकादमाने तिला सावलीत बोलावलं, थंड सरबत दिलं आणि सुचवलं, की एवढ्या उन्हात कशाला मरतेस, बाटल्या नळावर भरून दे, पाणी ते पाणीच. नेल्सीने सरबत पिऊन संपवलं, गिलास धुऊन ठेवला आणि म्हणाली, "पाणी कधी खोटं बोलत नाही. मी त्याच्या नावावर का बोलू?" हे वाक्य पुढे गावभर झालं. तिला ते आवडतही होतं, खोटं कशाला सांगू.

बांधकामावर तिचं कुणाशी जमत असेल तर ते ताता सिरियाकोशी. ताता हा तिथला मुख्य गवंडी. पलीकडच्या खेड्यातून तो आपली माणसं घेऊन आला होता. वयाने नेल्सीच्या वडिलांएवढा, आणि तिच्या वडिलांसारखाच पाऊस, मुंग्या, पाखरं बघून बोलणारा. नळ्यांच्या झाकणांना कुलुपं होती आणि पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं, की झाकणाला हात लावणाऱ्याला कामावरून काढण्यात येईल. तरी नेल्सीने दुसरी किल्ली ताताकडे दिली होती. वादळी पावसात जागेवर पाणी साचलं तर झाकणं बघायला कुणीतरी विश्वासाचं हवं, असं तिला वाटलं. वरिष्ठांना विचारलं नाही. ताताला किल्ली द्यायला विचारायचं काय, असा तिचा हिशेब.

आणि लँडी. लँडी कौओची गिरणी बांधकामाला लागूनच, चौथ्या नळीच्या अंगाला. पहाटेपासून गल्लीतल्या बाया चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका बादलीतून घेऊन तिथे रांग लावतात आणि पीठ घेऊन जातात. नव्या बाजाराची वाट बघत रस्त्यावर ताडपत्रीखाली तळलेल्या तोर्तियाचे पानुचो विकणाऱ्या बायाही तिच्याच पिठावर. लँडी नेल्सीची कोमाद्रे, म्हणजे नेल्सीच्या मुलीची धर्ममाय. दोघी एका बाकावर शिकल्या, एकीच्या घरी दुसरीचा निजायचा झोपाळा कायम टांगलेला असायचा. लँडीची जीभ तिखट आणि नेल्सीची सरळ, त्यामुळे भांडणं खूप व्हायची पण अबोला कधी टिकला नाही.

असं सगळं चाललेलं असताना एका सोमवारी चौथ्या नळीतून दोरीला बांधलेलं नळकांडं वर आलं आणि पाणी दुधी निघालं. डिझेलचा वास नव्हता. आंबूस वास होता, आणि बाटलीच्या तळाशी पांढरे कण बसत होते. नेल्सीने ते हातमोज्यावर घेऊन चोळून पाहिले. मका होता तो. तिने मान वर केली तर समोर लँडीच्या गिरणीची भिंत, आणि भिंतीमागे गिरणीचं सांडपाणी जिरवायचा शोषखड्डा.

आता नियम असा, की एका नमुन्यावरून कुणाचं नाव घ्यायचं नाही. दुसरा नमुना येऊ द्यायचा. नेल्सीने आजवर हा नियम कधी मोडला नव्हता. इथे मोडला, आणि मोडला तो लँडी तिची कोमाद्रे होती म्हणून. तिच्या मनात आलं, थांबले तर लोक म्हणतील, मैत्रिणीचं प्रकरण आलं तेव्हा नेल्सीला बरा नियम आठवला. माणूस इमानदार म्हणून नावाजला गेला की त्याला आपल्या माणसांशी जरा जास्तच कठोर वागावंसं वाटतं, तसं झालं. पाण्यात चुना असेल तर यंत्र तसं दाखवतं आणि इथे उलट आंबटपणा दाखवत होतं, हे तिने पाहिलं होतं. सांडपाणी मुरून आंबलं असेल, असं म्हणून तिने ते मागे टाकलं. अहवालात लिहिलं, उगम बहुधा शेजारची गिरणी.

खातेप्रमुख एव्हिया हा काही वाईट माणूस नाही, पण गल्लीत पन्नास विहिरी असताना तो तरी काय करणार. गिरणीला सील लागलं आणि दारावर नगरपालिकेचा कागद डकवला गेला. त्या वेळी नेल्सी तिथे होती. तिनेच यायचं ठरवलं होतं, पाठीमागून वार केला असं व्हायला नको म्हणून. लँडी दारात उभी होती, हातात अर्धवट दळलेल्या मक्याची बादली. तिने कागद वाचला, मग नेल्सीकडे पाहिलं. तिची तिखट जीभ अशा वेळी सुटायला हवी होती. ती एवढंच म्हणाली, "झालं तुझं? मग मला कुलूप लावू दे."

दुसऱ्या दिवसापासून बायांना बादल्या घेऊन गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या गिरणीवर जावं लागू लागलं. भर उन्हात परत येताना पीठ आंबायचं. ताडपत्रीखालच्या बायांचे पानुचो दुपारपर्यंत वास मारू लागले. नेल्सीला कुणी तोंडावर बोललं नाही, पण तिची मोटारसायकल दिसली की गप्पा थांबायच्या. लँडी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. कचेरीत गेली नाही, तक्रार केली नाही. नेल्सी दोनदा तिच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. आपण खरं तेच केलं, असं ती नवऱ्याला सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज नको तेवढा चढायचा.

गिरणी बंद झाली म्हणजे चौथ्या नळीचं पाणी हळूहळू निवळायला हवं होतं. पुढच्या खेपेला नेल्सीने नळकांडं वर ओढलं आणि बाटली उजेडात धरली. पाणी आधीपेक्षा दाट होतं. पांढरंशुभ्र, ताजं, अजून फारसं आंबलेलंही नाही. गिरणीचं जातं थंड पडून किती दिवस झाले होते, आणि इथे खाली कालपरवा शिजवलेला मका.

तिने बाटली नाकाजवळ नेली. अंगाला ना अत्तर ना तेल, त्यामुळे सोमवारी तिचं नाक लख्ख असतं. मक्याच्या वासाखाली दुसरा एक वास होता, गोड, जंगली फुलांचा. मध. आणि मग तिला यंत्राचा तो आंबटपणा आठवला. चुना नव्हताच त्या पाण्यात, कधीच नव्हता. माणसांच्या तोर्तियाचा मका चुन्यात शिजतो. चुना न लावता शिजवलेला, मध घातलेला मका एकाच कामासाठी असतो. तिचे वडील पेरणीआधी शेताच्या मध्यावर तुंब्याच्या वाटीत तोच ठेवायचे, जमिनीच्या धन्यांसाठी, पाण्याच्या धन्यांसाठी. साका म्हणतात त्याला.

ती तशीच जमिनीवर बसली. आपण काय करून बसलो हे तिला त्या क्षणी पुरतं कळलं. तेवढ्यात ताता सिरियाको फावडं टेकवत तिच्याकडे आला. ऊन लागलं का, असं त्याने विचारलं. नेल्सीने बाटली त्याच्यापुढे धरली.

"ताता, हे तुम्ही ओतता?"

म्हातारा बिचकला नाही. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "दर शुक्रवारी," तो म्हणाला. "तुमच्या साहेबांनी पहिला दगड बसवला, फोटो काढले आणि गेले. जमीन शांत केलीच नाही कुणी. मग माझा एक माणूस परांचीवरून पडला, पाय मोडला त्याचा. मी म्हटलं, आता आपणच बघावं. हे भोक तुम्हीच पाडलेलं, थेट पाण्यात जाणारं. तोंड उघडंच आहे तर घास द्यावा. तेव्हापासून कुणाला खरचटलंसुद्धा नाही बघ."

"कुलूप होतं त्याला."

"किल्ली तूच दिलीस ना पोरी."

मग तिने त्याला गिरणीचं सांगितलं. गिरणी सांडपाण्यामुळे बंद झाली एवढंच ताताच्या कानावर होतं, त्या सांडपाण्याचा आणि आपल्या वाटीचा संबंध त्याने जोडलाच नव्हता. पाण्याला चांगलंचुंगलं दिलं तर पाणी बिघडतं, हे त्याच्या डोक्यात येणार तरी कसं. त्याने टोपी काढली आणि कचेरीकडे चालू लागला. नेल्सीने त्याचा दंड धरून थांबवलं. पाटीवर काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं, आणि ताता गेला तर त्याच्यामागोमाग त्याची सगळी माणसं जाणार हेही.

एव्हियाच्या टेबलापुढे ती उभी राहिली आणि जे झालं ते तिने सांगितलं. नळीत अन्न पडलं, नैवेद्याचं. गिरणीचा काडीचाही दोष नाही. दुसऱ्या नमुन्याची वाट न बघता मी नाव घेतलं. दुसरी किल्ली कुणालाही न विचारता मी दिली. आणि जमीन खणायच्या आधी तिला विचारायचं असतं हे खात्यातल्या कुणालाच आठवलं नाही, त्यात मीही आले. एव्हिया बराच वेळ पेन फिरवत राहिला. त्याच्या स्वतःच्या घराचा पाया घातला तेव्हा त्याच्या आईने तिथे तुंब्याची वाटी ठेवली होती, हे गावाला ठाऊक आहे.

"किल्ली कुणाकडे होती?" त्याने विचारलं.

"किल्ली माझी होती."

"नेल्सी, मला नाव लिहावं लागेल."

"मग माझं लिहा. खोटं लिहिताय असं होणार नाही."

त्याने तिचं लिहिलं. तिला लेखी ताकीद मिळाली, आणि प्रयोगशाळेतल्या ज्या जागेची ती कधीपासून आस लावून होती, ती दुसऱ्या कुणाला गेली. तिने फक्त एक मागितलं: गिरणीचा कागद शिपायाने काढायचा नाही. सकाळी बाया बादल्या घेऊन रस्त्याने जात होत्या तेव्हा ती गिरणीच्या दारापुढे उभी राहिली, आपल्या हाताने कागद काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की लँडी कौओच्या गिरणीने कुणाचं पाणी बिघडवलेलं नाही, चूक नेल्सी कुमुलची आहे. बाया जागच्या जागी थबकल्या. दार आतून बंद होतं. लँडी बाहेर आली नाही. नेल्सी थोडा वेळ थांबली आणि मग चौथी नळी उपसायला गेली. तळाशी बसलेला मक्याचा गाळ निघायला कितीतरी दिवस लागले. एवढ्या दिवसांत डासांनी तिचं काय केलं असेल ते असो. अखेर पाणी निवळलं आणि निवळलेलंच राहिलं.

मी तिचं कौतुक करतो ते याचसाठी. चूक कोण करत नाही. पण आरोप जितक्या मोठ्याने केला तितक्याच मोठ्याने, त्याच दारात उभं राहून, मागे घेणारी माणसं मी आयुष्यात फार पाहिलेली नाहीत.

एवढ्यावर हे थांबलं असतं तरी चाललं असतं, पण थांबलं नाही. नगरपालिकेने, उशिरा का होईना, जमीन शांत करायचं मनावर घेतलं. विधी ताताच करणार होता, जागेच्या मध्यभागी, नळ्यांपासून लांब. त्याने नेल्सीकडे मक्याची बादली दिली आणि दळून आणायला सांगितलं.

"चुना नाही लावलेला," तो म्हणाला. "तिला जातं आधी धुवायला सांग. म्हणजे, सांगायची गरज नाही, तिला ठाऊक आहे."

"कुणाला ठाऊक आहे?"

"लँडीला. गिरणी चालू होती तोवर दर शुक्रवारी तीच दळून द्यायची. नंतर घरच्या हातजात्यावर दळून द्यायला लागली."

नेल्सी बादली घेऊन गिरणीकडे गेली. दुपारची वेळ, रांग संपलेली, लँडी जातं पुसत होती. तिने बादलीत डोकावून पाहिलं आणि काही न बोलता पाण्याचा पाइप घेतला. दगडाला लागलेला चुना धुऊन निघेपर्यंत ती जातं धूत राहिली. नेल्सी बघत उभी.

"तुला पहिल्यापासून कळलं होतं," नेल्सी म्हणाली.

"कागदावर मक्याचं पाणी निघालं असं वाचलं, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस कोमाद्रे? गिरणी बंद पाडली मी तुझी."

"बोलले असते तर ताताची सगळी माणसं घरी बसली असती. गिरणी काय, बंद पडूनही पाणी तसंच निघालं की आज ना उद्या उघडणारच होती." लँडीने पाइप बंद केला आणि हात झटकले. "आणि तू मला विचारलंस कुठे? तू पाण्याला विचारलंस."

नेल्सीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुसायचंही विसरली. लँडीने तिच्या हातातून बादली काढून घेतली, मका जात्यात ओतला, आणि यंत्राचा आवाज एवढा मोठा झाला की पुढे दोघींना बोलण्याची गरजच उरली नाही.

बाजार आता उभा आहे. नळ्या अजून आहेत, तपासणीही चालू आहे, आणि किल्ल्या फक्त नेल्सीच्या कमरेला. सोमवारी ती निघते तेव्हा पहिलं दार गिरणीचं असतं. काय उत्तर मिळणार हे तिला ठाऊक असतं, लँडीलाही ठाऊक असतं. तरी ती दार वाजवून विचारते, आणि लँडी जातं थांबवून, हात पुसत बाहेर येऊन, दर वेळी नव्याने सांगते.